रोजच्या दिवसातून देवाचा धडा कसा शोधावा: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरगुती प्रार्थनासभांत साक्षीची, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायची, वेळ आली की बरीच माणसं एकाच वाक्याने सुरुवात करतात: "या प्रसंगातून देवाने मला शिकवलं की..." पुढे येतं ते धीर, विश्वास किंवा समाधान यांच्याबद्दलचं, संडे स्कूलपासून पाठ असलेलं काहीतरी. बोलणारा मनापासून बोलत असतो. तरीही सोमवारी सकाळी घोडबंदर रोडला बस तासभर अडकली की तो धडा कामाला येत नाही. कारण धडा आधीच ठरलेला होता आणि प्रसंग त्याला नंतर चिकटवला होता.

आनंदाच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. योहान १५:११ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की त्यांचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून तो हे सारं बोलला. त्याच्या आधीची ओळ आज्ञा पाळण्याची आहे आणि नंतरची एकमेकांवर प्रीती करण्याची. म्हणजे हा आनंद दोन कामांच्या मधे येतो. म्हणूनच खालच्या क्रमात आनंदासाठी वेगळी पायरी ठेवलेली नाही.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. मिस्साला जाणारे कॅथलिक असोत वा उपासनेला जाणारे प्रोटेस्टंट, पद्धत दोघांनाही चालते. क्रम मात्र बदलू नका, कारण बहुतेक चुका क्रम उलटल्यानेच होतात.

## तयारी

वही. साधी, खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी. फोनमध्ये लिहिलेलं पाठवायचा मोह होतो, आणि पाठवायचं म्हटलं की माणूस सुधारून लिहितो. ही वही कोणाला दाखवायची नाही, हे आधीच ठरवा.

छापील पवित्र शास्त्र. अॅपमध्ये एकच वचन सुटं समोर येतं. छापील पानावर आधीचा परिच्छेद आणि नंतरचा परिच्छेद आपोआप डोळ्यांखाली येतो, आणि चौथ्या पायरीत त्याचीच गरज आहे.

ठरलेलं वाचन. रोज मन मानेल तिथे पान उघडू नका. लूकचं शुभवर्तमान घ्या. त्याचे २४ अध्याय आहेत, रोज एक वाचला तर महिन्याच्या आत होतं. ज्यांच्याकडे दररोजची मिस्साची वाचनं ठरलेली असतात त्यांनी तीच घ्यावीत.

वेळ आणि जागा. रात्रीची जेवणं झाल्यावर, झोप डोळ्यांवर यायच्या आधी. महापे, रबाळेला रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी संपल्यावर, घरी पोहोचायच्या आत. ठाणे-वाशी गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे एखादी गाडी सोडली तर बसायला जागा मिळू शकते आणि हातात साधारण अर्धा तास असतो. घरात एकच खोली असेल तर ही गाडीच उत्तम. अंगणवाडी, रुग्णालय, दुकान, जिथे काम असेल तिथे डबा खाऊन झाल्यावरची दहा मिनिटंही चालतात.

एक सोबती. गट नको, एकच माणूस. आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलायचं. नवरा-बायकोपेक्षा मंडळीतलं कोणी असेल तर बरं, कारण निम्म्या नोंदी घरातल्याच माणसांबद्दल निघतात.

> तपासा: वही, शास्त्र, वाचन, वेळ आणि सोबती या पाचही गोष्टी ठरल्या का? एखादी राहिली असेल तर सुरुवात दोन दिवस पुढे ढकला. अर्धवट तयारीने सुरू केलेलं फार दिवस टिकत नाही.

## पायरी १: जे घडलं ते अर्थ न लावता लिहा

सर्वात जास्त माणसं इथेच घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

दिवसातले दोन-तीन प्रसंग निवडा आणि ते फक्त घडले तसे लिहा. कोण होतं, किती वाजले होते, कोण काय बोललं, हातात काय होतं. "देवाने", "शिकवलं", "म्हणजेच" हे शब्द या पायरीत वापरायचेच नाहीत.

चुकीची नोंद अशी असते: "आज सोसायटीत पार्किंगवरून वाद झाला. लोक किती बेजबाबदार असतात. देवाने मला संयम शिकवला."

बरोबर नोंद अशी: "रात्री साडेनऊ. माझ्या जागेवर कुणाच्या तरी पाहुण्यांची गाडी. वर कुणाला फोन न करता मी खालीच वॉचमनवर ओरडलो. तो काही बोलला नाही. रजिस्टर उघडून गाडीचा नंबर शोधत राहिला. टेबलावर त्याचा डबा उघडा होता."

पहिल्या नोंदीतून पुढे काहीच निघणार नाही, कारण तिने निकाल देऊन टाकला आहे. दुसरीत तो उघडा डबा आहे. लिहिणाऱ्याने तो पाहिला होता, म्हणूनच तो वहीत आला. या नोंदीकडे आपण पुढे परत येऊ.

नीट पाहिल्याने धडा कसा बदलतो हे समजून घ्यायचं असेल तर थंडीत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा ओहोटीच्या वेळी ऐरोली किंवा नेरूळच्या बाजूला खाडीकाठी जा. ठाणे खाडीत फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतात. खाडीचा एक भाग २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मत्तय ६:२६ मध्ये येशू आकाशातल्या पाखरांकडे पाहायला सांगतो: ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारांत साठवत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो. हे वचन घरी बसून वाचलं की "देव देईल, आपण निवांत राहावं" एवढाच अर्थ हाती लागतो. पण प्रत्यक्ष पक्ष्यांकडे अर्धा तास पाहा. मान खाली, चोच उलटी करून पाण्यात, एक पाऊल, पुन्हा चोच. चिखल गाळत गाळत ते तासन्‌तास खात असतात. निवांत तर ते अजिबात नसतात. एक गोष्ट मात्र ते करत नाहीत: उद्याचं आज साठवत नाहीत. आता तोच अध्याय ३४व्या वचनापर्यंत वाचा. येशूचा रोख उद्याच्या चिंतेवर आहे हे तिथे कळतं. खाडीवर न जाताही ते कळू शकलं असतं, पण आधी पाहिल्यामुळे सोपा, चुकीचा अर्थ गळून पडला.

> इशारा: गाडी चुकली, सिग्नल हिरवा मिळाला, घड्याळात अमुक आकडा दिसला, या गोष्टींना देवाची खूण समजून वहीत लिहू नका. मत्तय ५:४५ प्रमाणे पिता वाईट आणि चांगल्या दोघांवरही सूर्य उगवतो, नीतिमान आणि अनीतिमान दोघांवरही पाऊस पाडतो. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही सगळ्यांना सारखाच लागतो.

## पायरी २: नावं घेऊन आभार माना

नोंदी झाल्या की त्या दिवसाचे आभार. "सगळ्यासाठी धन्यवाद" असं मोघम नको. तीन गोष्टी, तिन्ही आजच्या, आणि शक्यतो प्रत्येकीत एक माणूस. "वाशीच्या मार्केटमध्ये भाजीवाल्या मावशींनी सुटे नव्हते तेव्हा उद्या द्या म्हटलं" हे आभार. "देवाने आरोग्य दिलं" हेही खरंच आहे, पण रोज तेच लिहाल तर आठवड्याभरात त्या शब्दांकडे तुमचंही लक्ष राहणार नाही. स्तोत्र १०३:२ देवाचे उपकार विसरू नको असं सांगतं, आणि पुढची वचनं लगेच एकेक उपकार मोजायला लागतात.

मग विचारा: हे आभार त्या माणसालाही कळले का? लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कृतघ्न होते असं आपण पटकन म्हणतो. पण त्यांना याजकाकडे जायला सांगितलं होतं आणि ते सांगितल्या वाटेनेच चालले होते. परत फिरायला वाट मोडावी लागते. आपलंही असंच राहून जातं. आपण कामाला निघालेलो असतो.

> इशारा: लूक १८:११ मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, तोही देवाचे आभारच मानत होता: मी इतरांसारखा नाही, याबद्दल. पुलाखाली राहणारं कुटुंब पाहून "देवा, मला घर दिलंस" असं वहीत उतरलं तर ती ओळ खोडा. दुसऱ्याची गरिबी ही आपल्या समाधानाची सामग्री नाही. "त्यांच्याकडे काहीच नाही तरी किती हसतात" हेही त्याच जातीचं वाक्य आहे. ते का हसतात हे आपण त्यांना विचारलेलं नसतं.

## पायरी ३: मन कुठे हललं ते शोधा आणि एकच प्रसंग ठेवा

आता नोंदी सावकाश पुन्हा वाचा. कुठल्या ओळीला बरं वाटलं, कुठल्या ओळीला लाज वाटली, कुठे अजूनही राग आहे? स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन वचनांची प्रार्थना इथे करा: देवा, माझं मन पारख, माझ्यात काही वाईट प्रवृत्ती असेल तर पाहा आणि मला चालव.

मग एकच प्रसंग निवडा. तीन प्रसंग, तीन धडे असं केलं की उद्यापर्यंत एकही लक्षात राहत नाही. आपल्या नमुना नोंदीत गाडीचा राग केव्हाच ओसरला. अजून टोचतो तो उघडा डबा. म्हणजे पुढे न्यायचा प्रसंग तो.

टोचणारंच निवडलं पाहिजे असं नाही. दिवसभरात एकदा मनापासून हसू आलं असेल आणि ते का आलं हे कळत नसेल, तर तेच निवडा. आनंदाच्या नोंदी पुढे नेण्याची सवय आपल्याला कमी आहे.

## पायरी ४: प्रसंग शास्त्रासमोर ठेवा

आता शास्त्र उघडायचं. आधी उघडलं असतं तर प्रसंग वचनाच्या मापाने कापला गेला असता.

सुरुवात आजच्या ठरलेल्या वाचनापासून करा. त्यात प्रसंगाला भिडणारं काही नसेल तर आठवणीतला एखादा उतारा घ्या. मग तीन नियम पाळा: वचन नव्हे, पूर्ण परिच्छेद वाचा. त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेदही वाचा. हे कोण, कोणाला, कुठल्या परिस्थितीत बोलतंय, हे एका ओळीत लिहा.

तिसरा नियम सर्वात जास्त मोडला जातो. दोन वचनं तर आपल्याकडे कॅलेंडरवर, गाडीच्या काचेवर, वाढदिवसाच्या केकवरही असतात, म्हणून त्यांचंच उदाहरण घेऊ.

फिलिप्पैकरांस ४:१३: मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो. परीक्षा, प्रमोशन, व्हिसा, सगळ्यासाठी हे वचन घेतलं जातं. पौल हे पत्र बंधनात असताना लिहितो आहे, पहिल्याच अध्यायात तो आपल्या बेड्यांबद्दल सांगतो. आणि ४:११-१२ मध्ये तो म्हणतो की तृप्तीत आणि भुकेत, विपुलतेत आणि टंचाईत राहायला तो शिकला आहे. म्हणजे १३व्या वचनातलं "सर्व काही" यात उपाशी राहणंही आलं. प्रमोशन मिळालं नाही त्या दिवशी हे वचन जास्त बोलतं.

यिर्मया २९:११: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. हे पत्र बाबेलमध्ये बंदिवान असलेल्यांना आहे, आणि १०व्या वचनातच ७० वर्षांची मुदत सांगितली आहे. त्याआधी काय सांगितलंय ते पाहा: घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेलं आहे त्याचं हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. अहिल्यानगर, जालना, श्रीरामपूरहून नोकरीसाठी कोपरखैरणे, घणसोलीत आलेल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांना ११वं वचन पाठ आहे. ७वं वचन त्यांच्या रोजच्या जगण्याच्या जास्त जवळचं आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणं, गटार तुंबल्याची तक्रार वॉर्ड ऑफिसात नोंदवणं, शेजारच्या मुलाला शाळेत सोडणं, हे सगळं त्या ७व्या वचनात बसतं.

आता एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊन पाहू.

ठाण्यात आणि नवी मुंबईत सकाळी जागोजागी मजूर नाके भरतात. हातात थापी, रंगाचे ब्रश, डब्याची पिशवी. सात-साडेसातला गर्दी असते, दहानंतर काहीजण अजून उभेच असतात. समजा तुम्ही तिथून रोज जाता आणि एक दिवस दुपारी परततानाही तोच माणूस तिथेच दिसला. एवढंच वहीत लिहिलं.

उतारा लगेच आठवतो: मत्तय २०, द्राक्षमळ्यातले कामकरी. धनी पहाटे, मग नऊच्या सुमारास, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला बाहेर जातो. शेवटच्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार, म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी.

घाईत निघणारा धडा: देव सगळ्यांना सारखं देतो. चूक नाही, पण नियम पाळा आणि आधीचा परिच्छेद वाचा. १९:२७ मध्ये पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळेल? दाखला त्या प्रश्नाच्या पाठोपाठ येतो. म्हणजे तो आधी आलेल्यांसाठी आहे. ज्यांना वाटतं की आपण चर्चमध्ये जास्त वर्षं घातली, जास्त सेवा केली, त्यांच्यासाठी. आणि धनी शेवटी विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुझ्या मनात हेवा येतो का?

आता नाक्यावरच्या माणसाकडे पुन्हा पाहा. तो दुपारपर्यंत उभा आहे याचं कारण आळस नाही, त्याला कोणी नेलं नाही. आणि त्याच वेळी आपल्या घरी रंगकाम सुरू असतं, मजुराचे पैसे "काम संपल्यावर एकदम देऊ" म्हणून अडवून ठेवलेले असतात. शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात, २४:१४-१५ मध्ये, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. नाक्यावरून निघालेला धडा असा घरच्या पाकिटापर्यंत आला पाहिजे.

वॉचमनच्या नोंदीला मत्तय ५:२१-२४ भिडतं: भावावर रागावणं, त्याला हिणवणं, आणि मग वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला जाणं. या उताऱ्यात एक बारीक गोष्ट आहे. "तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे" असं तिथे लिहिलेलं नाही, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं तर जा, असं लिहिलं आहे.

> तपासा: उतारा वाचल्यावर प्रसंग पहिल्यापेक्षा थोडा वेगळा दिसतो का? दिसत नसेल तर घाईने जोडाजोड करू नका. "आज कळलं नाही" लिहा आणि वही मिटा. असे दिवस आठवड्यातून दोन-तीन येणारच.

## पायरी ५: धडा एका वाक्यात, "मी"ने सुरू करून

वाक्य एकच. त्यात सासू, साहेब, सून, शेजारी, पाळक यांच्यापैकी कोणी कर्ता म्हणून आलं तर पुन्हा लिहा. मत्तय ७:३-५ मधलं कुसळ आणि मुसळ सगळ्यांना माहीत आहे, तरी धडा लिहिताना हात आपोआप दुसऱ्याच्या डोळ्याकडे जातो.

"मी संयम ठेवला पाहिजे" हे वाक्य चालणार नाही. ते कुठल्याही दिवशी, कोणीही लिहू शकतं. वॉचमनच्या नोंदीतून निघणारं वाक्य असं होईल: "मी ज्याच्याकडून उलट उत्तर येणार नाही त्याच्यावरच ओरडतो." हे लिहिणाऱ्याला सकाळी माहीत नव्हतं. ज्या वाक्याने थोडं अवघडल्यासारखं होतं आणि तरीही हलकं वाटतं, ते बहुधा बरोबर असतं.

आनंदाच्या नोंदीतूनही असंच नेमकं वाक्य काढा. "मी घाईत नसतो तेव्हा आईचं तेच तेच बोलणं मला आवडतं" हा मोठा धडा आहे.

> इशारा: वाक्य वाचून मन खचत असेल, "मी वाईटच आहे" असं होत असेल, तर ते खोडा. रोमकरांस ८:१ प्रमाणे ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही. धडा एका वागण्याबद्दल असतो, सगळ्या माणसाबद्दल नव्हे.

## पायरी ६: चोवीस तासांत एक काम

याकोब १:२२-२४ मध्ये वचन ऐकून न करणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. म्हणून धड्याखाली लगेच एक काम लिहा. ते उद्या करता यावं, पाच-दहा मिनिटांत व्हावं, आणि झालं की नाही हे हो-नाहीत सांगता यावं.

"नम्र राहीन" हे काम नाही. "उद्या रात्री येताना वॉचमनपाशी थांबून काल मी चुकलो असं म्हणेन" हे काम आहे. सोबत मिठाईचा पुडा नेऊन मूळ वाक्य गिळू नका, आधी वाक्य बोला. "पेंटरला आजपर्यंतचे पैसे आजच देईन." "भावाला फोन करीन, गावच्या घराचा विषय न काढता." यांत धार्मिक काही दिसत नाही म्हणून बिचकू नका.

आनंद बहुतेक वेळा या पायरीनंतर येतो, आणि तो वेगळा ओळखू येतो. वॉचमन "असू द्या साहेब" म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. तरी त्या रात्री गेटमधून आत येताना मान खाली घालावी लागणार नाही.

## पायरी ७: रविवारी वही मागे उलटा

आठवड्याच्या नोंदी सलग वाचा, सोबत्याला फक्त धड्यांची वाक्यं वाचून दाखवा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का, ते बघा. तीन वाक्यांत पैसा येत असेल तर पुढच्या आठवड्याचं वाचन त्यावर घ्या, लूक १२:१३-३४ पासून सुरुवात करा.

मग गलतीकरांस ५:२२-२३ मधली नऊ फळं समोर ठेवा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. या आठवड्यात यांतलं काय थोडं वाढलं, ते सोबत्याला विचारा. स्वतःला गुण देऊ नका.

साक्ष द्यावीशी वाटली तर निदान एक आठवडा थांबा. गोष्टीत जी माणसं आहेत त्यांना आधी विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं तर ती गोष्ट वहीतच राहू द्या. शेजारणीचं आजारपण किंवा नातेवाइकाचं व्यसन आपल्या साक्षीत सांगायचा अधिकार आपल्याला नाही, मग त्यातून देवाचा कितीही गौरव होत असो.

## दुःखाच्या दिवसांत हा क्रम थांबवा

घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, रिपोर्ट वाईट आला, तर वरच्या पायऱ्या बाजूला ठेवा. त्या दिवसांत धडा शोधायचा नसतो. स्तोत्र १३ उघडा. पहिल्या दोन वचनांत "किती वेळ" हा प्रश्न चार वेळा देवाला विचारलेला आहे. वहीत तेवढाच प्रश्न लिहा, हवं तितके दिवस.

दुसऱ्याच्या दुःखात तर धड्याचं नावही काढू नका. "देवाची योजना असेल", "देव परीक्षा घेतोय" ही वाक्यं सांत्वन म्हणून बोलली जातात आणि वर्षानुवर्षं टोचत राहतात. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता. त्यांनी सर्वात चांगलं केलं ते एवढंच. पुढे त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने त्यांना चूक ठरवलं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशू लूक १३ मध्ये नाही म्हणतो. घोडबंदरच्या अपघातातून आपण वाचलो तर देवाचे आभार जरूर मानावेत, पण "देवाने मला वाचवलं" हे वाक्य ज्यांचं माणूस त्याच रस्त्यावर गेलं त्यांच्यासमोर बोलू नये. मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असूनही येशू आधी रडला. डबा घेऊन जा, बसा, इस्पितळाचे कागद लावायला मदत करा.

> इशारा: दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. हा विश्वासाचा अभाव नव्हे. १ राजे १९ मध्ये एलिया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खायला दिलं.

## मध्येच खंड पडला तर

मागच्या नोंदी आठवून भरू नका. आठवून लिहिलेल्या नोंदीत प्रसंग आपोआप नीटनेटका होतो आणि पहिली पायरीच बिघडते. आजची तारीख घाला, आजचं लिहा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांसाठी म्हणून सुरू करणारे ईस्टरला थांबतात. त्यांनी ईस्टरनंतरच्या सोमवारीच पुढचं पान सुरू करावं.

## घरात मुलं असतील तर

सातही पायऱ्या मुलांवर लादू नका. अनुवाद ६:७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोला असं सांगितलं आहे. म्हणजे वेगळा तास घ्यायची गरज नाही. शाळेच्या वाटेवर किंवा रात्री ताटं मांडताना बोललेलं चालतं.

"आज देवाने तुला काय शिकवलं?" हा प्रश्न टाळा. मुलांना उत्तर काय द्यायचं ते लगेच कळतं आणि ती तेच देतात. त्याऐवजी विचारा, "आज तुझ्यासाठी कोणी काय केलं?" आणि दुसऱ्या दिवशी, "आज तू कोणासाठी काय केलंस?" मोठ्यांनीही त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तेही खरं. मुलांच्या उत्तरावर वचन सांगायची घाई करू नका. बेंचवरच्या मुलीने खोडरबर दिला एवढंच उत्तर आलं, तर जेवणाच्या प्रार्थनेत त्या मुलीचं नाव घेऊन त्या खोडरबराचे आभार माना आणि वाढायला घ्या.